लाडोबाचा डावा डोळा

३ फेब्रुवारी

वर काय लिहायचं यावर दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणणार, झालं याचं सुरू. नुसतं नाव लिहिलं तर वीजबिल आल्यासारखं वाटतं. तेव्हा काहीच लिहीत नाही.

'फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. लिहायचं असेल तर लिही, कागदावर आवाज चढत नाही.' असं तूच म्हणालीस. चढतो. पान उलटं करून बोट फिरव, अक्षरं मागे उमटली आहेत.

तुझं पत्र मिळालं. पानभर प्रश्न. लाडोबा नीट खातो का. लाडोबाच्या डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का. मागच्या उजव्या पायाचा नाल बदलला का. रात्री झूल घालतोस का. 'तू कसा आहेस' हे कुठेच नाही. मी पान उलटून बघितलं. पाकीट उसवून आतल्या बाजूने बघितलं. ताई म्हणाली, "काय हरवलं रे?" मी म्हटलं, काही नाही. "मग ते पाकीट सोलून कशाला ठेवलंयस? केळं आहे का ते?"

उत्तरं घे. खातो. पाणी थांबलेलं नाही. नाल बदलला. झूल घालतो. आणि रोज सकाळी खरारा करताना मान वळवून माझा दंड पकडतो. कपडे वाळत घातले की ताईला माझे सदरे ओळखता येतात, डावी बाही चावलेली. अख्ख्या तबेल्यात हा घोडा चावतो फक्त मला. तुला बघून कान टवकारायचा, तुझ्या खिशात तोंड खुपसायचा, तुझ्या मागे लगामाशिवाय चालायचा. मी चंदीची बादली घेऊन आलो की आधी मला चावणार, मग खाणार. म्हातारा झालाय, घोडेस्वारीच्या शाळेने मोडीत काढला होता त्याला. तू पहिल्या कमाईतून त्याला सोडवून आणलंस आणि त्या दिवसापासून स्वतःला जावई समजतो.

तू निघालीस त्या दिवशी त्याच्या गळ्यात पडून रडलीस. मला बसच्या खिडकीतून 'येते' एवढंच. दिवसभर डोकं तापलेलं होतं, म्हणून विचारलं, तो की मी? चुकलंच. पण तू काय म्हणालीस? 'त्याने मला असं कधी विचारलं नाही.' आणि बस सुटली. मी स्टँडवरच्या कचरापेटीला लाथ मारली. अंगठ्याचं नख अजून काळं आहे. तुझ्या प्रश्नांत नव्हतं, तरी कळवतो.

तू तिकडे लोकांच्या कवळ्या बनवायला शिक. इकडे दातांचं काय ते माझ्या दंडावर चाललंय.

– तुझ्या घोड्याचा मोतद्दार


१२ फेब्रुवारी

नवा डॉक्टर येऊन गेला. जुने आता निवृत्त झाले, त्यांच्या जागी हा. बूट बघून वाटलं एखाद्याच्या लग्नाला निघालाय. लाडोबाच्या ठाणात शिरताना बूट काढून गमबूट घातले, तेही स्वच्छ. लाडोबाच्या डोळ्यात बॅटरी मारली, पापणी वर केली, गालावरून हात फिरवला, आणि तुझ्या लाडोबाने काय करावं? काहीही नाही. चावला नाही. उभा राहिला गरीब गाईसारखा. मी बाजूला दोर धरून उभा, वाट बघत होतो की आता चावेल, आता चावेल. डॉक्टर म्हणाला, "शहाणा आहे हो." मला म्हणाला असता तर चाललं असतं.

त्याचं म्हणणं असं. डोळ्याच्या आत सूज येते, जाते, परत येते. दर वेळी थोडी नजर खाऊन जाते. डाव्या डोळ्याने आता त्याला दिसत नाही. उजवा चांगला आहे. मार्ग दोन. एक, डावा डोळा काढून टाकायचा. इथेच, तबेल्यातच होतं ते, खर्च बेताचा. दुसरा, मोठ्या इस्पितळात न्यायचं, तिथे डोळ्याच्या आत औषध ठेवतात, सूज येणं थांबू शकतं. 'शकतं' हा त्याचाच शब्द. गाडीभाडं, राहणं, शस्त्रक्रिया धरून आकडा सांगितला तेव्हा तबेल्याच्या मालकीणबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. आणखीही काही बोलला तो, डॉक्टर लोक बोलतात तसं.

मग म्हणाला, डोळा काढायचा तर फक्त औषधांचे पैसे द्या, माझी फी नको. मी विचारलं, का नको? "म्हातारा घोडा आहे, पेन्शन नाही त्याला." आणि हसला. फुकट! आजच्या जगात फुकट कोण काय करतं ते मला कळतं. कॉलेज सोडलं म्हणून अक्कल सोडली नाही.

पुढे ऐक. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, मोतद्दार. "घोड्याचे ते कळलं. मॅडमचे?" माझे कान गरम झाले. मी म्हटलं, ते तिलाच विचारा. तर म्हणतो, "विचारतो की. पत्ता द्या, घोड्याबद्दल बोलायचंच आहे." मी म्हटलं, माझ्याकडे नाही. तुझं पत्र तेव्हा वरच्या खिशात होतं, अर्धं बाहेर डोकावत.

ताईला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुला घोड्याचा हेवा वाटतो, डॉक्टरचा वाटतो, उद्या पोस्टमनचाही वाटेल."

वाटतोच. तुझं अक्षर माझ्याआधी तो बघतो.


२१ फेब्रुवारी

पत्र पोचलं. 'तू त्याला रोज बघतोस. तू सांगशील तसं करू.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, डोक्यावर चढून बसशील. मी सांगेन तसं! कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून माझ्याशी ताईमार्फत बोलतात, 'त्याला म्हणावं मीठ दे.' भावजी मला दूध आणायला पाठवताना पिशवीचा रंगसुद्धा सांगतात. आणि तू एवढं माझ्यावर सोपवलंस.

पण त्याच्याच खाली लिहितेस, 'डॉक्टर चांगले आहेत का?' चांगले म्हणजे? डॉक्टर म्हणून विचारतेस की कसे? इतकी पत्रं झाली, माझ्याबद्दल अर्धा प्रश्न नाही आणि ज्याला तू बघितलंही नाहीस तो चांगला आहे का, याची चौकशी. तो उंच आहे. दाढी नीट करतो. गुणगुणतो. झालं समाधान?

आता मी सांगतो तसं. डोळा काढायचा नाही. डॉक्टरला काय, त्याचं शिक्षण कापाकापीचं. त्या डोळ्याबद्दल तूच म्हणायचीस ना, आत मध भरल्यासारखा दिसतो? तिथे कातडं शिवलेलं तुला बघवेल? मोठ्या इस्पितळात नेऊ. खर्च मोठा आहे, मान्य. तुझे पुढच्या सहामाहीच्या फीचे पैसे जातील. जाऊ देत. कवळ्या काय, कुणीही बनवेल. तू परत ये. मालकीणबाईंना मी बोललो, लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवण्याचं तुझं जुनं काम त्या कधीही द्यायला तयार आहेत. सकाळी तू येशील, मी ठाण झाडत असेन, पहिल्यासारखं.

आणि एक बातमी. राखून ठेवली होती, पण राहवत नाही. लाडोबा मला चावत नाही आता! दोन आठवडे होत आले. खरारा करतो, खूर साफ करतो, काही नाही. उलट मी गेलो की मान खाली घालून येतो आणि कपाळ माझ्या छातीला टेकवतो. तसाच उभा राहतो. सदरा भिजतो डोळ्याच्या पाण्याने. मी पण हलत नाही. काल मालकीणबाई म्हणाल्या, "अरे, हा तर तुझा झाला!" खरं सांगू? बरं वाटलं. तू इतकी वर्षं जे मिळवलंस ते मी एका महिन्यात मिळवलं. तुझी आठवण काढतो का म्हणून विचारशील तर, दाराकडे बघतसुद्धा नाही. डोळे मिटून उभा असतो माझ्यापाशी.

वाईट वाटलं? वाटू दे थोडं. मला रोज वाटतं.


४ मार्च

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. 'ठीक आहे. फी भरत नाही. पंधरा तारखेपर्यंत इथलं आवरून येते.' हेच मला हवं होतं. परवा आलं असतं तर तबेल्याच्या छपरावर चढून नाचलो असतो.

येऊ नकोस.

मध्येच पत्र टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. डोकं शांत आहे माझं.

काल डॉक्टर आला. मी बोलावलं नव्हतं, मालकीणबाईंनी बोलावलं. लाडोबा माझ्या छातीला कपाळ लावून उभा होता. मी मुद्दाम हललो नाही. म्हटलं बघू दे. वर आपणहून सांगितलं, "आता मला चावत नाही. लळा लागलाय त्याला." तो हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर मी एखादी लगावलीच असती. तो हसला नाही.

"कधीपासून चावत नाही?"

"झाले तीन आठवडे."

"डोळा सारखा मिटायला लागला, त्याच्या आधी की नंतर?"

मला आठवत होतं.

"चंदी संपवतो का?"

"हळूहळू खातो."

तो म्हणाला, थांबा, एक करून बघू. डोळ्याभोवतीची जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. दात काढताना हिरडी बधिर करतात तसं, तुला कळेल. "एक-दोन तास त्याला त्या डोळ्याचं काही जाणवणार नाही. बसा." स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसला. त्या स्वच्छ पँटीत.

मी बसलो नाही. थोड्या वेळाने लाडोबाने मान वर केली. मी विसरलो होतो गं, किती उंच आहे तो. आयाळ झाडली. बाहेर कुणीतरी घोडी नेत होतं, तिच्याकडे बघून खिंकाळला, म्हातारा. चंदीची बादली हुंगली, रिकामी आहे म्हटल्यावर खुराने उडवली. ती गडगडत गेली. मी तोंडावरची मोहरकी नीट करायला गेलो आणि मान वळवून त्याने माझा दंड धरला. असा धरला की मी आईला हाक मारली.

"हा तुमचा घोडा," डॉक्टर म्हणाला. "तीन आठवडे जो उभा होता तो नव्हे. जनावराला दुखणं सांगता येत नाही. ते भांडायचं सोडून देतं."

मग तो दोन तास लाडोबा होता. दारावर लाथा मारल्या. माझी टोपी पाडली. मालकीणबाईंच्या हातातलं गाजर हिसकावलं. तुझी जुनी जागा आहे ना, दाराच्या बाजूची, तू जिथून यायचीस, तिथे तोंड काढून उभा राहिला आणि वाट बघितली. हो, बघितली. मागच्या पत्रात लिहिलं ते खोडून टाक.

संध्याकाळी इंजेक्शन उतरलं. मी समोरच होतो. आधी पापणी मिटली. मग पाणी सुरू झालं. मान खाली खाली येत गेली, आणि तो चालत आला आणि त्याने कपाळ माझ्या छातीला लावलं. तेच, ज्याची मी तुला फुशारकी लिहून पाठवली. मला ते ओझं सोसेना. बाजूलाही होता येईना. कुठे टेकवेल मग तो?

पहिल्या दिवशीच डॉक्टर म्हणाला होता की त्याला दुखत असणार, फार दुखत असणार, मॅडमना कळवा. तुला लिहिलं ते 'आणखीही काही बोलला' म्हणजे हे. डोळा राहिला तर खर्च होईल, खर्च झाला तर फी जाईल, फी गेली तर तू येशील. एवढंच डोक्यात होतं. त्या डोळ्याने त्याला दिसत नाही हे माहीत होतं, पण इस्पितळात नेऊन तरी दिसेल का, हे मी विचारलं नव्हतं. काल विचारलं. नाही दिसणार.

तेव्हा आता मी सांगतो तसं, तूच म्हणालीस ना. डोळा काढायचा. इथेच. फी भर. आवरलेलं सामान परत लाव.

पण घोडा तुझा आहे, तुझ्या होकाराशिवाय डॉक्टर हात लावणार नाही आणि पत्राने होकार यायला दहा-बारा दिवस जातील. म्हणून तुझा पत्ता आणि फोन नंबर मी त्याला दिला. सुवाच्य अक्षरात, सात आणि एक वेगळे दिसतील असे काढून. आज रात्री तो तुला फोन करेल. त्याचा आवाज चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला नंतर तुझ्याकडून ऐकायला नको.


१३ मार्च

झालं. काल सकाळी झालं.

उभ्यानेच करतात. घोड्याला गुंगी देतात, डोळ्याभोवती बधिर करतात, पण डोकं कुणीतरी धरावं लागतं आणि ओळखीच्या आवाजात बोलत राहावं लागतं, म्हणजे तो बिचकत नाही. मी धरलं. उंच स्टूलवर घोंगडी घातली, त्यावर त्याची हनुवटी, आणि माझे दोन्ही हात. डॉक्टर म्हणाला, "बोला." काय बोलणार? माझ्याकडे दुसरा विषय कुठला? सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाडोबापाशी तुझ्या तक्रारी केल्या. पत्रातले प्रश्न, कचरापेटी, नख, सगळं. लाडोबा खालचा ओठ लोंबवून ऐकत होता. मी विसरूनच गेलो की पलीकडे आणखी दोन कान आहेत. शेवटचे टाके घालताना मान वर न करता डॉक्टर म्हणाला, "बस स्टँडवर मीसुद्धा तेच उत्तर दिलं असतं हो."

मारावंसं वाटलं. पण हात अडकलेले होते, आणि नंतर हसू आलं.

फी घ्यायलाच लावली त्याला. मी म्हटलं, पूर्ण घ्या, नाहीतर मला झोप लागणार नाही. म्हणाला, "तुमच्या झोपेसाठी घेतो." माझ्या पगारातून जाईल थोडी थोडी. तू मध्ये पडू नकोस. त्याने तुझ्यासाठी काही फुकट केलेलं मला चालणार नाही. एवढा सुधारलो नाही मी.

आज सकाळी चंदी घेऊन गेलो. डोळ्याच्या जागी टाके, सूज, अवतार बघण्यासारखा नाही. कान मागे पडलेले. मी उजवीकडून गेलो, बादली ठेवली, मान खाजवायला हात पुढे केला.

कडाडून चावला.

ताईने हळद लावता लावता विचारलं, "रडतोस कशाला? एवढं लागलं?" भावजी दारात उभे होते, म्हणाले, "घोडा चावला म्हणून हसत रडणारा पहिलाच बघितला."


२७ मार्च

तुझ्या पत्रात खाली, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात एक प्रश्न आहे. 'तुला फार लागलं का?'

ताई म्हणते, लिही, खूप लागलं. भावजी म्हणतात, लिही, छे, काही नाही. डॉक्टरला मी विचारलं नाही. तुमचे फोन होतात हे माहीत आहे, लाडोबाचे टाके निघाले तरी होतात हेही माहीत आहे. विचारणार होतो त्याबद्दल. वाक्य लिहूनही झालं होतं, वर खोडलंय ते तेच. प्रयत्न करून वाचू नकोस.

लागलं. दंड हिरवानिळा आहे. हळूहळू पिवळा होतोय.

लाडोबा बरा आहे. खातो, लाथा मारतो, दोनदा माझी टोपी चावून खाली टाकली. फक्त एक नियम नवा झालाय सगळ्या तबेल्यात. डावीकडून त्याच्याजवळ जायचं तर आधी बोलायचं, मग पाऊल टाकायचं. न बोलता गेलं की तो दचकतो आणि मग कुणाचंच खरं नाही. त्यामुळे जो तो लांबूनच 'आलो रे, आलो' करत येतो. मालकीणबाईसुद्धा.

मी रोज नवं काय बोलणार? म्हणून तुझं पत्र घेऊन जातो. डाव्या बाजूला दारापासून सुरुवात करतो आणि वाचत वाचत त्याच्या खांद्यापर्यंत पोचतो. कवळीचं मेण कसं तापवतात, तुझ्या वर्गातल्या मुलीने पहिला दात उलटा कसा बसवला, सगळं त्याला पाठ झालंय. मी वाचायला लागलो की त्याचा डावा कान माझ्याकडे वळतो आणि पत्र संपेपर्यंत तसाच राहतो.

आता तो तुझे शब्द ऐकायला वळतो की माझा आवाज ऐकून, हे काही कळायला मार्ग नाही.

मी त्याला विचारलं नाही.